काढून टाकलेल्या दोन स्लाइड्स

पत्र

ताई, मी एकतीस वर्षांचा आहे. अमेरिकेत, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या एका संघाच्या फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे खेळाडू निवडणाऱ्या कचेरीत, आकडेवारीचं विश्लेषण करतो. गेल्या वर्षी ड्राफ्टच्या महिनाभर आधी आमचे मालक एका तरुण क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) भेटले आणि भारावून परत आले. तो घ्यायचा का, ही चर्चा त्या दिवशी संपली. कसा घ्यायचा, एवढीच उरली. माझ्या हिशोबाने त्यासाठी लागणारी किंमत फार जास्त होती, आणि ते दाखवणाऱ्या दोन स्लाइड्स मी केल्या होत्या. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जनरल मॅनेजर म्हणाले, 'या नकोत, उगाच गोंधळ होईल.' मी त्या काढल्या. मीच, माझ्या हाताने. आम्ही पहिल्या फेरीतले दोन आणि दुसऱ्या फेरीतला एक पिक देऊन टाकला. मुलगा चाचपडला, हंगाम वाया गेला, नोव्हेंबरमध्ये कोचना काढलं.

आता नवे कोच आलेत. त्यांना तो मुलगा नकोय, दुसऱ्या संघातला चौतीस वर्षांचा क्वार्टरबॅक हवाय, पुन्हा तशीच किंमत मोजून. पुढच्या गुरुवारी बैठक आहे आणि मला 'सपोर्टिंग फाइल' बनवायला सांगितलंय. मालकांना थेट जाऊन सांगू का? एक पत्रकार मित्र सारखा विचारतोय, त्याला सांगू का? की राजीनामा देऊ? बाबा म्हणतात, व्हिसा नोकरीवर आहे, गप्प बस. इतकी हुशार माणसं एका खोलीत बसून असे निर्णय कसे घेतात, हे मला खरंच कळत नाही. उपाहारगृहात तो मुलगा दिसला की मी मान खाली घालतो. तुम्ही मला 'तू'च म्हणा.

— एक विश्लेषक

उत्तर

राजीनामा, मालक आणि पत्रकार हे तिन्ही प्रश्न जरा मागे ठेवते. आधी 'मीच, माझ्या हाताने' या शब्दांबद्दल बोलू, कारण तुझी झोप उडवलीय ती त्यांनी. निर्णय चुकला तो वरच्यांचा, पण हे शब्द तुझे आहेत. मी बावीस वर्षं हा खेळ बघते आहे आणि सव्वीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे तुझी ती बैठकीची खोली मला अगदीच परकी नाही.

ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. दर वसंतात कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला, त्याचा नंबर पहिला. या नंबराला पिक म्हणतात, आणि तो देता-घेता येतो, अगदी पुढच्या वर्षांचासुद्धा. शिवाय पगारावर मर्यादा असते. 2024 साली ती प्रत्येक संघाला 25 कोटी 54 लाख डॉलर होती. म्हणजे इथे कितीही श्रीमंत मालक असला तरी त्याला मोजूनमापूनच खर्च करावा लागतो, आणि एकावर उधळलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो.

आता तुला थोडं कडू वाटेल असं सांगते. तो मुलगा पहिल्याच वर्षी चमकला असता, तरी तुझ्या स्लाइड्स बरोबरच असत्या. आणि तो चाचपडला म्हणून त्या बरोबर ठरल्या, असंही नाही. 'मी म्हणालो होतो' हे वाक्य मनात धरून गुरुवारच्या बैठकीला जाऊ नकोस. कोण चमकेल हे तुला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं, कुणालाच नसतं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी कित्येक वर्षांच्या ड्राफ्टचा हिशोब मांडला. एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना साधारण 52 टक्के आढळली. नाणं उडवलं तर 50. या दोन टक्क्यांसाठी संघ पुढची दोन-तीन वर्षं गहाण टाकतात. 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, 262 व्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. आजच्या सर्वात गाजलेल्या क्वार्टरबॅकांपैकी एक असलेल्या पॅट्रिक माहोम्सच्या आधी नऊ जणांची नावं पुकारली गेली होती.

म्हणून तुझं म्हणणं 'हा मुलगा वाईट आहे' असं कधीच नव्हतं, हे स्वतःशी पक्कं कर. तुझं म्हणणं किमतीबद्दल होतं. 1999 साली न्यू ऑर्लिन्सने रिकी विल्यम्स या, चेंडू घेऊन धावणाऱ्या एका खेळाडूसाठी त्या वर्षीचे आपले सगळे पिक दिले, वर पुढच्या वर्षीचे दोन. त्या हंगामात ते 3 सामने जिंकले आणि 13 हरले. कोच माइक डिट्का गेले, जनरल मॅनेजरही गेले. आणि विल्यम्स? तो वाईट खेळाडू मुळीच नव्हता. 2002 साली मायामीकडून खेळताना 1,853 यार्ड धावून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. खेळाडू पारखण्यात चूक नव्हती. व्यवहार आतबट्ट्याचा होता. फ्रंट ऑफिसमध्ये या दोन गोष्टी सारख्या एकत्र कालवल्या जातात. किमतीबद्दल शंका काढणाऱ्याला 'तुला तो आवडत नाही का?' असं विचारलं जातं आणि तो गप्प बसतो. तुझ्या स्लाइड्सना 'गोंधळ' म्हटलं गेलं ते याच चालीने.

हुशार माणसं असं का करतात? मला वाटतं, त्यांची घड्याळं वेगवेगळी असतात म्हणून. जनरल मॅनेजरला ठाऊक असतं की दोन वाईट हंगाम झाले की आपली खुर्ची जाणार. मग तीन वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला पिक त्याच्या दृष्टीने कुणाचा? त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचा. तो दिल्याने त्याचं काहीच जात नाही. कोचचं घड्याळ त्याहून वेगाने पळतं. मालकाचं घड्याळ सगळ्यात सावकाश चालतं, त्याला कुणी काढू शकत नाही. खरं तर संघाचं दूरचं हित त्यानेच बघायचं, पण तोच बरेचदा सगळ्यात उतावळा असतो, कारण दुसऱ्या धंद्यात त्याला यश मिळालेलं असतं आणि इथे दर आठवड्याला सगळ्यांसमोर हार बघावी लागते. असा मालक एका तरुणाला भेटतो, भारावतो, आणि निर्णय होऊन जातो. मग स्काउट, विश्लेषक, डॉक्टर सगळे बसून त्या निर्णयाला कारणं शोधतात. वरातीमागून घोडं. तुमच्या फाइलला 'सपोर्टिंग' म्हणतात, त्यातच सगळं आलं. आधार द्यायचा तो आधीच ठरलेल्या गोष्टीला.

कॅरोलायनाचं 2023 चं उदाहरण तुझ्या संघाच्या अगदी जवळचं आहे. पहिला नंबर मिळवायला त्यांनी शिकागोला त्या वर्षीचे दोन पिक, 2024 चा पहिल्या फेरीतला, 2025 चा दुसऱ्या फेरीतला, आणि वर डीजे मूर हा आपला सर्वात चांगला रिसीव्हर दिला. ब्राइस यंगला घेतलं. ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तोच खेळाडू देऊन टाकून चेंडू फेकणारा आणला. संघ 2-15, म्हणजे 2 विजय आणि 15 पराभव. नवे कोच फ्रँक राइक 11 सामन्यांनंतर घरी. आणि 2024 चा जो पिक दिला होता तो त्या वाईट हंगामामुळे थेट पहिल्या क्रमांकाचा झाला. तो शिकागोकडे गेला. यंगच्या मागोमाग निवडलेला सीजे स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, पण तो मुद्दा मी सोडून देते, त्यात नशिबाचा भाग आहे. मूरला देणं मात्र नशिबाचं नव्हतं, ती किंमत त्यांनी डोळ्यांदेखत मोजली होती.

क्लीव्हलँडबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या खोलीत पुढच्या गुरुवारी जे होऊ घातलंय त्याचं पूर्ण चित्र तिथे दिसतं.

2017 साली क्लीव्हलँडकडे बाराव्या क्रमांकाचा पिक होता. तो त्यांनी ह्यूस्टनला दिला. बदल्यात ह्यूस्टनचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला पिक मिळाला, म्हणजे कागदावर चांगला व्यवहार. ह्यूस्टनने त्या बाराव्या क्रमांकावर डेशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक घेतला. त्या हंगामात क्लीव्हलँड सोळाच्या सोळा सामने हरलं. पुढच्या वर्षी त्यांनी पहिल्या क्रमांकावर बेकर मेफील्डला घेतलं. 2020 च्या हंगामात त्याच्याबरोबर पिट्सबर्गला 48-37 हरवून त्यांनी प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतला, सामना जिंकला, 1994 च्या हंगामानंतर पहिल्यांदा. पाव शतकाची वाट पाहणं संपलं होतं. मग 2021 मध्ये मेफील्ड फाटलेल्या खांद्याने खेळला, संघ 8-9 वर थांबला, आणि वरच्यांचा धीर सुटला.

मार्च 2022. वॉटसन ह्यूस्टनमधून निघायच्या बेतात. त्याच्यावर वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले होते आणि फौजदारी खटला उभा राहिला नव्हता. चार संघ त्याच्यामागे लागले. वॉटसनने क्लीव्हलँडला आधी नकार कळवला होता. चर्चेचा शेवट तिथे व्हायला हवा होता. झालं उलटंच. पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर, पैन् पै हमीचे, असा करार पुढे आला आणि नकाराचा होकार झाला. ह्यूस्टनला तीन वर्षांचे पहिल्या फेरीतले पिक गेले. ज्या खेळाडूच्या जागचा पिक पाच वर्षांपूर्वी स्वतःच देऊन टाकला होता, त्यालाच आणण्यासाठी. मेफील्ड हाती होता, तो काही महिन्यांनी किरकोळ मोबदल्यात गेला.

पुढचं तुला माहीत आहे. लीगने वॉटसनला 11 सामने बंदी आणि 50 लाख डॉलर दंड केला. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो 19 सामने खेळला. 2023 साली तो जखमी असताना 38 वर्षांच्या जो फ्लॅको या क्वार्टरबॅकला घरून बोलावलं, तेव्हा कुठे संघ प्लेऑफला पोचला. तिथे समोर कोण? ह्यूस्टन. क्लीव्हलँडकडून मिळालेल्या पिकांची मदत घेऊन नव्याने उभं राहिलेलं ह्यूस्टन. सामना 45-14 ने हरले. त्याच मोसमात मेफील्ड टँपा बेला प्लेऑफमध्ये घेऊन गेला आणि तिथे एक सामना जिंकलाही. 2025 साली क्लीव्हलँडचे मालक जिमी हॅसलम यांनी तो व्यवहार फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मला त्या कबुलीबद्दल आदर आहे. पण त्या खोलीत 2022 मध्ये, आकडा 23 कोटींवर जाताना, 'आपण ठरवलेली मर्यादा ओलांडतोय' असं म्हणायला कुणाकडे आधी लिहून ठेवलेली मर्यादा होती का, हा प्रश्न मला अजून छळतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. तुझ्या खोलीत तरी असा कागद असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

चूक झाली म्हणून संघ बुडतोच असं नाही, हेही तितकंच खरं. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीतले तीन पिक दिले. गणित पार फसलं. त्यांनी 2023 मध्ये त्याला चौथ्या फेरीतल्या एका पिकवर डॅलसला देऊन टाकलं. 'एवढी किंमत मोजलीय, खेळवायलाच हवा' असं कुणी म्हणालं नाही, शेवटच्या क्रमांकाचा पर्डी खेळत राहिला. डेन्व्हरने मात्र आधी दुप्पट चूक केली. 2022 मध्ये रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीतले दोन, दुसऱ्या फेरीतले दोन पिक आणि तीन खेळाडू दिले, आणि तो त्यांच्याकडून एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी 24 कोटी डॉलरच्या वरचा नवा करार केला. दोन वर्षांत त्याला सोडलं, तेव्हा साडेआठ कोटी डॉलर पगारमर्यादेच्या हिशोबात नुसते मेलेले पडले. पण सोडलं! आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये आपल्याच बाराव्या क्रमांकावर, वर सरकण्याचा मोह न धरता, बो निक्सला घेतलं. 10-7, आणि 2015 च्या हंगामानंतर पहिल्यांदा प्लेऑफ.

आता माझी गोष्ट. बँकेत असताना एका मोठ्या कर्जाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. वरून निरोप आला होता की हे प्रकरण करायचं आहे. त्या उद्योगाचा माल गोदामात पडून होता आणि कागदावर विक्री वाढत होती. मी टिपणात तसं लिहिलं. साहेबांनी पेन्सिलने एका परिच्छेदाभोवती चौकट केली आणि म्हणाले, जरा सौम्य करा. मी सौम्य केला. पुढे खातं थकलं तेव्हा चौकशीत ते टिपण निघालं, खाली माझी सही. मला शिक्षा झाली नाही. पण माझंच वाक्य, माझ्याच अक्षरात, गुळमुळीत झालेलं वाचताना मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. दोन वर्षांनी तसाच प्रस्ताव आला. या वेळी मी म्हटलं, 'साहेब, परिच्छेद तुम्ही काढा, तुमच्या सहीने. मी काढणार नाही.' कर्ज मंजूर झालंच. पण मागितलेल्या रकमेच्या निम्मं. मी कुठलीही लढाई जिंकले नाही, तरी त्या रात्री मला झोप लागली.

तर गुरुवारबद्दल. 'सपोर्टिंग फाइल' बनवायला नकार देऊ नकोस. ती मन लावून बनव. चौतीस वर्षांच्या क्वार्टरबॅकच्या बाजूने जे खरं आहे ते सगळं त्यात असू दे. लॉस एंजेलिसने 2021 मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीतले दोन पिक आणि जॅरेड गॉफ दिला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला, हेही लिही, कारण ते तुझ्या मताविरुद्ध जातं. आणि मग तेवढ्याच जाडीची दुसरी फाइल बनव. तीत खेळाडूवर टीका नको, किंमत मांड. सर्वात आधी एक मर्यादा लिही: इतके पिक, इतक्या हमीचे पैसे, याच्या पुढे नाही. ही मर्यादा दुसऱ्या संघाचा फोन यायच्या आधी ठरलेली हवी. फोन चालू झाला की बोली वाढवणं हेच शौर्य वाटायला लागतं. दुसरं, ते पिक आपल्याकडेच ठेवले तर त्यांतून साधारण काय हाती लागतं. तिसरं, हा व्यवहार यशस्वी व्हायला काय काय खरं ठरावं लागेल: त्याचा गुडघा किती सामने टिकेल, त्याचं रक्षण करणारी आपली समोरची फळी त्याला किती वेळ देऊ शकेल, जे तुला मोजता येतं ते. आणि कधी मागे फिरायचं, तेही आत्ताच लिही, तारखेसकट.

चौथा मुद्दा बहुतेक कुणी विचारात घेतला नसणार: तो मुलगा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो, आणि 2011 च्या नियमांनंतर या करारांचे आकडे जवळजवळ ठरलेले असतात. म्हणजे तो आणखी तीन वर्षं कमी पैशांत तुमच्याकडे आहे. त्याला आज दिलात तर मोबदला पडलेला मिळेल. आणखी एक वर्ष दिलंत तर? सॅम डार्नल्डला 2018 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, तीन वर्षांत पाठवून दिलं. 2024 मध्ये मिनेसोटाबरोबर तो 14-3 खेळला. लॉस एंजेलिसने नाकारलेला गॉफ डेट्रॉइटमध्ये उभा राहिला. ब्राइस यंगला 2024 मध्ये दोनच सामन्यांनंतर बाकावर बसवलं होतं, त्याच हंगामात तो परत आला आणि कितीतरी चांगला खेळला. हे तुझ्या मुलाच्या बाबतीत होईलच असं मी म्हणत नाही. पण 'वाट बघणं' हाही एक पर्याय आहे, त्यालाही किंमत आहे, आणि ती टेबलावर नसेल तर बैठक अपुरी आहे. गेल्या वर्षीच्या किमतीचा उल्लेख मात्र त्यात करू नकोस. ती गेली. ती वसूल करायची म्हणून त्याला ठेवायचं नाही, आणि ती विसरायची म्हणून त्याला घालवायचंही नाही.

दोन्ही फायली घेऊन बुधवारी नव्हे, सोमवारीच जनरल मॅनेजरांकडे जा. एकटा जा. चारचौघांत त्यांना कोंडीत पकडू नकोस, त्यांचीही खुर्ची डगमगते आहे हे लक्षात ठेव. त्यांना सांग: 'सर, तुम्ही मागितली ती ही, आणि ही दुसरी. बैठकीत कुठली न्यायची ते तुम्ही ठरवा. पण गेल्या वर्षीसारखं मी स्वतः काही काढणार नाही.' एवढंच. आवाज चढवू नकोस, गेल्या वर्षीचा हिशोब काढू नकोस. कदाचित ते चिडतील. कदाचित, आणि मला याची शक्यता कमी वाटत नाही, त्यांनाही अशा कागदाची गरज असेल. नव्या कोचला आणि मालकाला 'नाही' म्हणायला त्यांच्याजवळ आज काहीच नाही. दुसरी फाइल त्यांच्या हातात असेल तर निदान मर्यादेचा आकडा तरी ते बोलू शकतील. दिलेल्या प्रत्येक गोष्टीवर तारीख घाल आणि कचेरीच्याच व्यवस्थेत ठेव. घरी प्रती नेऊ नकोस.

मालकांकडे परस्पर जाऊ नकोस. तू जनरल मॅनेजरांच्या हाताखाली आहेस, त्यांना डावलून गेलास तर उद्यापासून तुझ्या एकाही आकड्यावर त्यांचा विश्वास राहणार नाही आणि मालकांचाही बसेल याची खात्री नाही. मात्र बैठकीत मालकांनी तुला सरळ प्रश्न विचारला, तर सरळ उत्तर दे. तेव्हा भीड धरू नकोस.

पत्रकार मित्राला काहीही सांगू नकोस. नोकरीचा करार मोडेल हे एक कारण. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की बातमी छापून येईल ती मालकाच्या उतावळेपणाची नव्हे. ती 'त्या मुलावर कधीच विश्वास नव्हता' अशी येईल. मथळ्यात नाव त्याचं असेल.

राजीनाम्याचं तुझे बाबा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. तुझा व्हिसा एच-वन-बी असेल तर नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते, तेव्हा रागाच्या भरात पत्र देऊ नकोस. पण गप्प बस, हे मला पटत नाही. तुला आकडे बदलायला सांगितले, फाइल काढायला नव्हे तर आकडेच बदलायला, तर त्या दिवसापासून दुसरी जागा शोधायला लाग, मिळाली की निघ. तुझी फाइल वाचली आणि तरीही व्यवहार केला, तर राहा. तुझं काम त्यांना अडवण्याचं नाही, त्यांनी उघड्या डोळ्यांनी ठरवावं याची सोय करण्याचं आहे. आणि अशा जागी राहण्यात अर्थ आहे, कारण संघ बदलतात. डेट्रॉइटने मॅट मिलन यांना 2001 मध्ये फ्रंट ऑफिसचा काही अनुभव नसताना सगळी सूत्रं दिली. तीन वर्षं ओळीने पहिल्या फेरीत रिसीव्हरच घेतले गेले, 31 सामने जिंकले, 84 हरले, आणि तरी मालकांनी त्यांना 2008 पर्यंत ठेवलं. त्या वर्षी संघ 0-16 होता. 2021 मध्ये ब्रॅड होम्स आणि डॅन कँबेल एकत्र आले, जनरल मॅनेजर आणि कोच एकाच घड्याळावर. पहिल्या वर्षी 3-13-1, शेवटचा एक सामना बरोबरीचा. कुणी कुणाला काढलं नाही. 2024 मध्ये 15-2. मधल्या सगळ्या वर्षांत त्या इमारतीत तुझ्यासारखं कुणीतरी टेबलावर बसून खरे आकडे लिहीत असणारच, असं मला नेहमी वाटतं.

आणि उपाहारगृहातला तो मुलगा. त्याने कुणाला आपल्यासाठी पिक द्यायला सांगितलं नव्हतं. त्याने कोच निवडला नव्हता, समोरची फळी निवडली नव्हती. तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल, घरापासून लांब, आणि गेले चार महिने त्या इमारतीत त्याच्याकडे बघून मान खाली घालणारा तू एकटा नसशील. उद्या तो दिसला तर ताट घेऊन त्याच्या समोर बस. व्यवहाराचं काही बोलायचं नाही, माफीही मागायची नाही, त्याला ती कशाची ते कळणारसुद्धा नाही. सुट्टीत कुठे जाणार आहेस, एवढं विचार, आणि तो बोलेल ते ऐक.